रोजच्या कामधंद्यात बोध होतो का, की आपण आपलीच समजूत काढतोय?

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी. ऊस दर आणि राजकारण सोडून जरा वेगळा विषय काढतोय, चालत नसेल तर ॲडमिननी उडवावा.

माझं किराणा दुकान आहे, रस्त्याला लागूनच. घरी आई अंथरुणाला खिळलेली, पोरगी दहावीला, बायको अंगणवाडीत. म्हणजे चार दिवस कुठं जाऊन राहणं मला शक्य नाही हे पक्कं. आणि आजूबाजूला जो तो कुठंतरी जाऊन येतोय. ओळखीतला एकजण दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आला, मोबाईल जमा करायचा, कुणाशी बोलायचं नाही, पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. आल्यापासून माणूसच बदललाय असं त्याची बायको सांगते (खूश होऊन सांगते की वैतागून ते काही कळालं नाही). दुसरा एक केदारनाथहून आल्यापासून कपाळाला गंध लावून फिरतोय. मला हेवा वाटतो असं नाही, खरं कुठंतरी टोचतंय. आपलं आयुष्य साखर-रवा जोखण्यातच जाणार काय?

तर प्रश्न असा, की संसार, दुकान, दुखणी-बाणी हे सगळं चालू असताना माणसाला आतून काही उजेड पडतो का? कीर्तनात ऐकलंय की पडतो, गोरा कुंभार, सावता माळी वगैरे, ते मला ठाऊक आहे. मला आजच्या माणसांचं पाहिजे. ज्यांना थोडंफार जाणवलंय त्यांनीच लिहा, व्हॉट्सॲप फॉरवर्ड चिकटवू नका प्लीज.

टिळकवाडीकाका

चांगला धागा. मी रिटायर्ड माणूस, वेळ भरपूर, म्हणून पहिला नंबर लावतो.

तुम्ही आजचं विचारलंय खरं, पण आपल्या बेळगावातलीच एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून इथं आले. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले, नंतर हरिपद मित्र नावाचे बंगाली फॉरेस्ट ऑफिसर होते त्यांच्याकडं, म्हणजे किल्ल्यात आता रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे तिथं. भाट्यांच्या मुलानं पुढं आठवण लिहून ठेवली आहे की जेवण झाल्यावर स्वामीजींनी विडा मागितला आणि मग खायचा तंबाखूसुद्धा. संन्यासी आणि तंबाखू मागतोय, घरातले चाटच पडले.

पण सांगायचंय ते हरिपद मित्रांचं. हे गृहस्थ वरच्या साहेबावर कायम धुमसत असायचे, साहेब असं बोलला, साहेबानं तसं केलं. स्वामीजींनी त्यांना ना जप सांगितला ना उपास. म्हणाले (भावार्थ देतोय), नोकरी पैशासाठी धरली आहेस, पैसे वेळेवर मिळतात, मग अडकलो अडकलो म्हणून स्वतःला का जाळून घेतोस? तुला कुणी बांधून ठेवलेलं नाही, नको असेल तर राजीनामा दे, नाहीतर साहेबाच्या नावानं खडे फोडायचं बंद कर.

मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, हे वाक्य मला तिशीत कुणी सांगितलं असतं तर ब्लडप्रेशरची गोळी दहा वर्षं उशिरा चालू झाली असती.

मागवाला_वडगाव

काका मस्त. मी वडगावचा, घरात माग आहेत, पॉवरलूम, साड्यांचं काम. शिक्षण फार नाही तेव्हा लिहिण्यात चुका असतील सांभाळून घ्या.

उजेड वगैरे मला ठाऊक नाही खरं एक गोष्ट सांगतो. मागाच्या खोलीत आवाज एवढा असतो की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही, नवीन माणसाचं डोकंच उठतं. आणि त्या आवाजात मला ऐकू येतं की कुठल्या मागाची कांडी (आडव्या दोऱ्याची गुंडाळी) संपत आली, कुठला धोटा (कांडी घेऊन इकडून तिकडं पळतो तो) नीट बसत नाही. ताण्यातला एक दोरा तुटला तरी मी पाठ करून चहा पीत असलो तर चहा खाली ठेवतो, का ठेवला ते नंतर कळतं, जाऊन बघितलं की तुटलेला असतो. दोरा वेळेत सांधला नाही तर साडीत रेघ पडते आणि व्यापारी ती साडी बाजूला काढतो. तो दोरा फणीतनं ओढून परत सांधताना, ते जे काय मिनिट असतं, त्यात घर नाही, कर्ज नाही, मी पण नसतो. हात चालतात. माग चालू केला की परत सगळं डोक्यात हजर.

आता हे अध्यात्म आहे की नुसती सवय ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवा.

चिक्कोडी_सायन्स

सवयच आहे दादा, आणि त्यात वाईट काही नाही. मानसशास्त्रात ह्याला ‘फ्लो’ म्हणतात. चिकसेंटमिहायी नावाच्या माणसानं १९७० च्या दशकात डोंगर चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, सर्जन असल्या लोकांना विचारून विचारून हे मांडलं. काम अवघड आणि आपलं कौशल्य बरोबरीला आलं की माणूस स्वतःला विसरतो. देव मध्ये आणायची गरज नाही. क्रिकेट खेळताना मलापण होतं.

मागवाला_वडगाव

असेल. नाव काय का असेना.

निपाणीची_लेक

सगळं वाचलं. छान वाटलं आणि रागपण आला, दोन्ही लिहिते.

माझी आत्या विड्या वळते. निपाणीत आमच्या गल्लीत घरोघरी तेच. रात्री पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप लावून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते संध्याकाळपर्यंत. पान, चिमूटभर जर्दा, वळली, टोक दुमडलं, दोरा. तिचे हात बघाल तर मागवाला दादा म्हणतात तेच, डोळे मिटून चालतात, गप्पा मारत चालतात. वरून बघणाऱ्याला वाटेल काय ध्यान लागलंय बाईला. तिला विचारलं तर सांगते की मान आखडते, खोकला जात नाही आणि हजाराच्या हिशोबात शंभर-दीडशे विड्या खराब म्हणून मोडून टाकतात तेव्हा पोटात कसंतरी होतं.

काका, राग मानू नका, तुमची स्वामीजींची गोष्ट फॉरेस्ट ऑफिसरला लागू पडते. राजीनामा द्यायला तू मोकळा आहेस हे माझ्या आत्याला कोण सांगणार? ती कशाचा राजीनामा देणार? जनाबाईसोबत विठ्ठल दळायला बसला म्हणतात, आमच्याकडं अजून तरी कुणी आलेलं नाही.

आणि १९८१ ला आमचे तंबाखूवाले शेतकरी दरासाठी हायवेवर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यांनी जर ‘मन शांत ठेवा, कामात देव बघा’ म्हणून घरीच बसायचं ठरवलं असतं तर? कामात अध्यात्म हे ज्यानं त्यानं स्वतःपुरतं बोलावं. दुसऱ्याच्या ओझ्याला तू पूजा म्हण हे सांगायचा अधिकार कुणाला नाही.

टिळकवाडीकाका

राग कसला, मुद्दा बिनतोड आहे. एवढंच म्हणतो की हरिपद मित्रांना ते त्यांच्या नोकरीपुरतं सांगितलं होतं, मी ते सगळ्यांना वाटत सुटलो.

सीमावासी_१

आधी सगळ्यांनी धाग्यात ‘बेळगाव’च लिहा, ‘बेळगावी’ चालणार नाही.

चिक्कोडी_सायन्स

अहो कुणीच बेळगावी लिहिलेलं नाही. धागा वाचा की आधी.

दोन्हीकडचा_हुक्केरी

मी जन्मानं मराठी, शाळा कन्नड, सासर (म्हणजे बायकोचं माहेर) लिंगायत. त्यामुळं दोन्ही पंगतीत जेवतो. निपाणीच्या ताईंचा प्रश्न बाराव्या शतकात कल्याणला (मुंबईजवळचं नव्हे, बिदरकडचं बसवकल्याण) एका बाईनं सोडवलेला आहे असं मला वाटतं, म्हणून जरा लांबड लावतो.

‘कायकवे कैलास’ (काम हाच कैलास) हे आपल्याकडं निम्म्या ऑफिसात बसवण्णांच्या फोटोखाली लिहिलेलं दिसतं, खाली बसून फाईल अडवून धरलेली असते तो भाग वेगळा. पण ते शब्द ज्या वचनात (कन्नड छोटी भक्तिरचना) येतात ते बसवण्णांचं नाही, आयदक्की मारय्याचं आहे. हा मारय्या कोण, तर अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणारा. म्हणजे कामाच्या उतरंडीत अगदी तळाचं काम. आणि वचनात तो काय म्हणतो, कामात गुंतलेला असशील तर गुरुदर्शन विसरलं तरी चालेल, लिंगपूजा विसरली तरी चालेल, जंगम (लिंगायतांचा फिरता गुरू) दारात उभा असला तरी त्याची भीड नको. बघा, हे कुणी मालक सांगत नाहीये, तांदूळ वेचणारा स्वतः सांगतोय. ताई म्हणतात ना स्वतःपुरतं बोलावं, तसंच.

आता पुढचं. एक दिवस मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले. बायको लक्कम्मा, तिनं पदरात धान्य बघितलं आणि नवऱ्याला तिथल्या तिथं सुनावलं, ही आशा कुठनं आली, आपल्याला एवढे लागत नाहीत, जिथनं आणलेत तिथं परत टाकून या. आणि तो टाकून आला. ती स्वतः वचनं लिहिणारी बाई होती, नवऱ्याची नुसती सावली नव्हे.

मला ह्यात जे दिसतं ते असं की शरणांनी (बसवण्णांच्या वाटेवरच्या भक्तांनी) काम आणि दासोह (मिळवलेलं वाटून देणं) कधी वेगळं केलंच नाही. काम मन लावून करायचं, गरजेपुरतं ठेवायचं, बाकीचं दुसऱ्याच्या ताटात गेलं पाहिजे. आपण काय केलं, पहिला भाग उचलला, मन लावून करा म्हणून पोस्टर छापलं, आणि दुसरा भाग सोयीस्कर विसरलो. विडीचा ठेकेदार ‘कायकवे कैलास’ म्हणू लागला तर त्याला लक्कम्माचा दुसरा भाग आधी विचारायचा, उरलेलं कुठं टाकलंस?

मागवाला दादा, तुमच्यासाठी आणि एक, देवर दासिमय्या हे जुन्या वचनकारांतले, ते विणकरच होते.

निपाणीची_लेक

लक्कम्मा मला माहीतच नव्हती. आम्हाला शाळेत कन्नड होतं तरी कुणी अशी सांगितली नाही. आत्याला सांगणार.

अनगोळची_वैनी

मी सहसा लिहीत नाही, वाचते. खानापूरवाल्या दादांच्या आई अंथरुणाला आहेत वाचलं म्हणून लिहिते, माझ्या सासूबाई अशाच होत्या.

आम्ही अनगोळच्या हरिमंदिरात जाणारे, कलावती आईंची बालोपासना (मुलांची प्रार्थना) माझ्या पोरांना पाठ आहे. तेव्हा भक्ती घरात होतीच. तरी सासूबाई पडल्यावर पहिले काही महिने माझ्या डोक्यात जे चालायचं ते देवासमोर सांगण्यासारखं नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायला लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. रात्रीपण. कूस बदलायची म्हणजे आधी गुडघा वाकवायचा, मग एक हात खांद्याला एक कमरेला, आपल्याकडं वळवायचं, पाठीमागं उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मधी उशी, चादरीची एक सुरकुतीपण राहता कामा नये कारण तीच सुरकुती सकाळपर्यंत लाल वळ होते. हे सगळं करताना मी मनात नणंदेशी भांडत असायची. ती येत नाही, फोनवर चौकशी करते, वरून सल्ला देते, हेच.

मग केव्हातरी असं झालं की भांडण चालू असतानाच सुरकुती दिसेना. म्हणजे लक्ष नणंदेकडं असलं की हात चुकायचा. सासूबाई कण्हायच्या. म्हणून मी ठरवलं की त्या पाच मिनिटांत फक्त चादर, उशी, पाठ. नणंदेला त्यानंतर शिव्या घालायच्या. खोटं सांगत नाही, घालायचेच. पण हळूहळू त्या पाच मिनिटांनंतर शिव्या घालायचं लक्षात राहीना.

उजेड पडला असं मी म्हणणार नाही. डोक्यातला गोंगाट कमी झाला एवढंच. आणि निपाणीच्या ताईंचं शंभर टक्के बरोबर, कारण मला जे मिळालं ते मिळालं, पण घरच्यांनी ‘वैनीला सेवेचं पुण्य लागतंय’ म्हणून हात झटकले तेव्हा मी यजमानांना रात्रीच्या दोन पाळ्या लावून दिल्या. पुण्य त्यांनापण लागू दे की.

मागवाला_वडगाव

हाहाहा वैनी एक नंबर.

निंबाळ_पॅसेंजर

उशिरा आलो. गुरुदेव रानड्यांच्या परंपरेतला आहे, हिंदवाडीच्या मंदिरात जाऊन बसतो, वर्षातनं एखादी फेरी त्यांच्या निंबाळच्या आश्रमाला. थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

कामात तल्लीन होणं आणि बोध होणं ह्या दोन गोष्टी आहेत. तल्लीन खिसेकापूसुद्धा होतो. ब्लेड चालवताना त्याच्याइतकं लक्ष कुणाचं असणार! माग थांबला की सगळं परत डोक्यात हजर असं दादांनी स्वतःच लिहिलंय, तेच खरं दुखणं आहे. जे माग थांबल्यावरही टिकतं ते कसं मिळवायचं, हा प्रश्न. आमच्याकडं त्याला नाम हे उत्तर आहे. आमच्या परंपरेतले भाऊसाहेब महाराज उमदीकर, त्यांनी इंचगिरीच्या मठात तीच शिस्त लावली, रोज बसायचं, वेळ द्यायचा, सवलत नाही. रानडेसाहेब अलाहाबादला तत्त्वज्ञान शिकवत होते, कुलगुरू झाले, तरी बैठक सुटली नाही.

त्याच इंचगिरीच्या झाडाची दुसरी फांदी सिद्धरामेश्वर महाराजांची. त्यांनी नामाच्या वाटेला मुंगीची वाट म्हटलं आणि विचाराच्या वाटेला पाखराची. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज. आता निपाणीच्या ताईंनी कान टवकारावेत, कारण ह्या माणसाचं मुंबईत विडीचं दुकान होतं. गुरू गेल्यावर १९३७ ला घरदार सोडून बाहेर पडले, फिरले, आणि वर्षभरात माघारी आले, कारण वाटेत कळालं की संसारानं काही अडत नाही. पुढं खेतवाडीत, घराच्या पोटमाळ्यावर बसून आयुष्यभर बोलत राहिले, देशोदेशीचे लोक तिथं यायचे. म्हणजे खानापूरवाल्यांच्या प्रश्नाला आजचं नाही म्हटलं तरी जवळच्या काळातलं उत्तर आहे. पण लक्षात घ्या, त्यांनी विडी विकण्यात बोध शोधला नाही. ‘मी आहे’ ही जी नुसती जाणीव, तिला धरून बसले, विडीचं दुकान चालू होतं.

निपाणीची_लेक

दुकानदाराला ज्ञान झालं हे मान्य. वळणाऱ्या बाईला झालं असेल तर तिची निरूपणं कुणी लिहून घेतली नाहीत. असो, टोमणा समजू नका, तुमचं खिसेकापूचं पटलं.

दोन्हीकडचा_हुक्केरी

पॅसेंजर साहेब, खिसेकापू लक्कम्माच्या परीक्षेत नापास होतो म्हणून तर मी दासोहाचं बोललो. नामाला विरोध नाही, पण तुमचं नाम दोन वेळा बसायला सवड मागतं. दोन्ही वेळ घरात चूल पेटवणाऱ्या बाईला ती सवड कुणी द्यायची?

निंबाळ_पॅसेंजर

कबूल. आमच्याकडंही नेमाला बसलेल्या पुरुषाचा चहा बाहेरून येतो आणि तो कुणी केला हे कुणी विचारत नाही. घरी विचारून बघतो. उत्तर काय येईल ह्याची धास्ती आहे.

टिळकवाडीकाका

बाळेकुंद्रीचे पंत महाराज पण विसरू नका. तेही संसारीच, बेळगावात शाळेत शिकवायचे, आणि दत्तभक्तीची पदं लिहायचे. १९०५ ला गेले, अजून उत्सवाला गर्दी बघा. मास्तरकी करत करत जमतं असा पुरावा आपल्या तालुक्यातच आहे.

खानापूर_रोड

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. दुकानात बसून वाचतोय, मधी मधी गिऱ्हाईक, त्यामुळं तुटक लिहितो.

वैनी, तुमचं चादरीचं आज करून बघितलं. आईची कूस मी बदलतो तेव्हा एका कानाला फोन असतो, होलसेलवाल्याचा. फोन बाहेर ठेवून गेलो. आईनं विचारलं, काय झालं, दुकान बंद आहे काय. दुसरं काही नाही झालं. पाठीच्या उजव्या बाजूला एक जागा लालसर दिसली, ती मला ठाऊक नव्हती.

पॅसेंजर साहेब, नामाला बसायला जमेल असं वाटत नाही, खरं पहाटे दुधाची गाडी यायच्या आधी थोडा वेळ असतो. बघतो. आश्वासन देत नाही.

निपाणीची_लेक

दादा एक विचारू? दुकानात कामाला कोण आहे का?

खानापूर_रोड

आहे की. एक पोरगा आहे, नात्यातलाच लांबचा. का?

निपाणीची_लेक

तो किती वाजता घरी जातो?

दोन्हीकडचा_हुक्केरी

आली लक्कम्मा.

खानापूर_रोड

ओ ताई हाहा. नऊला जातो, कधी साडेनऊ. सुट्टी अमावस्येला. खरं समोरचं दुकान बारा महिने चालू असतं, मी एक दिवस बंद ठेवला की गिऱ्हाईक तिकडं वळतं आणि परत येत नाही, हे बाहेरून कळत नाही. दर आठवड्याला त्याला सुट्टी दिली तर त्या दिवशी एकट्यानं काउंटर आणि आई दोन्ही बघायचं म्हणजे बायकोवर येणार, आणि तिची अंगणवाडी. तरी विचार करतोय. गुरुवारी दुपारनंतर त्याला सोडता येईल बहुतेक.

अनगोळची_वैनी

गुरुवारी दुपारनंतर वर्दळ कमी असेल तर चालेल. आणि दादा, ती लालसर जागा बोटानं दाबून बघा, बोट काढल्यावर पांढरी होऊन परत लाल होत असेल तर ठीक, तशीच लाल राहत असेल तर त्या कुशीवर ठेवू नका आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. चोळू मात्र नका, जखम वाढते. एअर बेड भाड्यानं मिळतो, विकत घ्यायची घाई करू नका.

खानापूर_रोड

दाबून बघितलं. पांढरी होतेय. डॉक्टरांना फोटो पाठवलाय. एअर बेड खानापुरात भाड्यानं कुठं मिळतो कुणाला ठाऊक आहे काय, की बेळगावातनंच आणायला लागणार?